बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला-शिल्पकला आली कुठून? पहिल्या फलकावर कोणतं साल घालायचं?

दांडियाबाजार (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आपल्या मंडळाच्या सभागृहात एक छोटं फलक-प्रदर्शन लावायचं ठरलंय. विषय: सयाजीराव विद्यापीठातल्या कलाशिक्षणाचा सुरुवातीचा काळ, साधारण १९४९ ते १९६६. आठ फलक, प्रत्येकी १२० शब्द, शिवाय एखाद-दुसरा फोटो. सात फलकांचा मजकूर होत आलाय. घोडं अडलंय ते पहिल्यावर.

सुरुवात कुठल्या सालापासून दाखवायची? माझ्यासमोर चार सालं आहेत. १८८६ (गायनशाळा), १८९० (कलाभवन), १९४९ (विद्यापीठ) आणि १९५० (फाइन आर्ट्स, म्हणजे चित्र-शिल्पाची विद्याशाखा). माझा कल १८९० कडे आहे. एका जुन्या टिपणात 'सुरुवातीचे बरेचसे शिक्षक कलाभवनातून आले' असं स्पष्ट वाक्य आहे, आणि कलाभवन तर आपल्या दांडिया बाजाराला लागूनच. धागा तिथूनच निघाला असेल तर तिथूनच दाखवावा. जाणकारांनी मत द्यावं. कारणासकट दिलंत तर फलकावर घेता येईल.

खडूफळा
१८९०, दुसरा विचारच नको. सयाजीरावांनी कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला, फोटोग्राफी, सगळं एका छपराखाली. दादासाहेब फाळके मुंबईचं जे. जे. करून इथे आले आणि फोटोग्राफी इथे शिकले. एवढी भक्कम पायरी सोडून १९५० ला सुरुवात म्हणणं म्हणजे घराचा पाया न दाखवता गच्ची दाखवण्यासारखं आहे.

सूरसागर_काठ
मग १८८६ का नको? मौलाबक्षांची गायनशाळा कलाभवनाहून चार वर्षं आधीची. आणि ती नुसती 'पूर्वपीठिका' नाही, तीच संस्था पुढे विद्यापीठात आली. सूरसागर तलावाच्या काठावरची तीच वास्तू, तोच वारसा, फक्त नाव बदलत गेलं: गायनशाळा, संगीत महाविद्यालय, मग 'भारतीय संगीत, नृत्य आणि नाट्य महाविद्यालय', आता परफॉर्मिंग आर्ट्स. अखंड रेषा दाखवायची तर तिथे दिसते. शिवाय भातखंड्यांनी १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती बडोद्यातच.

पुष्पबाग
दांडियाबाजार, तुमच्या टिपणातलं ते वाक्य खरं आहे, पण त्यातलं कलाभवन तुमच्या घराजवळचं नाही!

ते शांतिनिकेतनचं कलाभवन, १९१९ साली सुरू झालेलं. बडोद्याचं कलाभवन १८९० चं. नाव एकच, वळण अगदी निराळं. आपल्याकडचं कलाभवन मुख्यतः उद्योगधंद्याचं शिक्षण देणारं. आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा आहे, तोच त्याचा खरा वारस. शांतिनिकेतनचं कलाभवन नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांचं.

आता फाइन आर्ट्सचे सुरुवातीचे शिक्षक बघा. मार्कंड भट्ट पहिले डीन, अमेरिकेत बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आलेले. ना. श्री. बेंद्रे चित्रकलेचे प्रमुख, मूळ इंदूरचे. शंखो चौधुरी शिल्पकलेचे प्रमुख, शांतिनिकेतनात रामकिंकरांचे विद्यार्थी. के. जी. सुब्रमण्यन १९५१ ला आले, तेही शांतिनिकेतनचे, १९४४ ते ४८ तिथे शिकलेले. म्हणजे 'कलाभवनातून आले' हे दोघांच्या बाबतीत अक्षरशः खरं. फक्त ते कलाभवन बंगालमधलं.

फलकावर दोन्ही ठिकाणी नुसतं 'कलाभवन' लिहू नका. 'बडोद्याचं कलाभवन' आणि 'शांतिनिकेतनचं कलाभवन' असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहा. बडोद्यात नुसतं कलाभवन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दांडिया बाजारालगतचं पटांगणच उभं राहतं.

विश्वामित्री
पुष्पबाग +१. हा घोटाळा छापील मजकुरातही दिसतो.

दांडियाबाजार
बापरे. सगळा पहिला फलक या एका वाक्यावर उभा होता. छपाईआधी कळलं हे बरं झालं. पुष्पबाग, मनापासून आभार.

मग १८९० बादच का?

खडूफळा
बाद का म्हणून? शिक्षक कुठून आले एवढाच निकष कसा चालेल? हाताने काम शिकवायचं, कारागिराला गुरू मानायचं, हा विचार या शहरात १८९० पासून रुजलेला होता. सुब्रमण्यन यांनी पुढे फाइन आर्ट्स फेअर सुरू केली, विद्यार्थ्यांनी लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करून विकली. हे कलाभवनाचंच संस्कारबीज नाही का?

पुष्पबाग
खडूफळा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण बीज दुसऱ्या झाडाचं आहे. फेअर १९६१ ची. त्याआधी १९५९ ते ६१ सुब्रमण्यन मुंबईत हातमाग मंडळात होते, विणकर आणि कारागीर यांच्यात रोजचा वावर. त्याच्याही आधी शांतिनिकेतनात नंदलालबाबूंची शिकवण: उत्सवाची सजावट, रांगोळी, खेळणं, भिंत, पुस्तक, यातलं काहीच चित्रकाराला कमी प्रतीचं नाही. बडोद्याच्या कलाभवनाचा हेतू वेगळा होता, राज्यात उद्योग उभे राहावेत. तोही थोर हेतू. पण दोन थोर गोष्टी शेजारी होत्या म्हणून एकीतून दुसरी निघाली असं होत नाही.

खडूफळा
हे मान्य. तरी शहराचं वातावरण म्हणून त्याला जागा हवी.

मांडवी_दरवाजा
नंदलाल बोसांचा विषय निघालाच आहे तर, त्यांचं बडोद्याशी नातं फाइन आर्ट्सच्या आधीचं. कीर्तिमंदिरातल्या (गायकवाडांच्या स्मृतिवास्तूतल्या) चार भिंती त्यांनी रंगवल्या, १९३९ पासून टप्प्याटप्प्याने पुढची सहा-सात वर्षं. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. त्या फ्रेस्कोंचा एक मोठा फोटो फलकावर हवाच.

चुनखडी
मांडवी_दरवाजा, फोटो जरूर घ्या, पण खाली 'फ्रेस्को' लिहू नका. ते टेम्परा आहे. मराठीत दोन्हीला सरसकट भित्तिचित्र म्हणतात म्हणून गल्लत होते, पण कामाची रीत पूर्ण वेगळी.

टेम्परात भिंत कोरडी असते. रंगाची पूड अंड्याचा बलक, गोंद किंवा सरस अशा कुठल्यातरी बांधणीत कालवून लावतात. रंग पृष्ठभागावर बसतो, धरून ठेवायचं काम ती बांधणी करते.

फ्रेस्कोत बांधणी नसतेच. रंग नुसत्या पाण्यात वाटून ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावायचा. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि त्या काचेसारख्या पापुद्र्यात रंगाचे कण अडकतात. रंग भिंतीवर नाही, भिंतीत असतो. म्हणून वेळेचं बंधन कडक: गिलावा लावल्यावर साधारण सात-आठ तास मिळतात. त्यानंतर लावलेला रंग सुकल्यावर बोटाला येतो.

फरक तपासायला कीर्तिमंदिरात कुणी ओलं बोट लावून बघू नका, कळकळीची विनंती. टेम्परा पाण्याने दुखावतो.

रावपुरा_टॉवर
चुनखडी, जरा अजून लिहा की. फाइन आर्ट्समध्ये जयपुरी पद्धतीचं भित्तिचित्र शिकवतात ते यातलं कुठलं?

चुनखडी
ती फ्रेस्कोच, पण शेवटी घोटून आरशासारखी करतात. आराइश म्हणतात. थोडं सविस्तर लिहितो, कारण फलक वाचणाऱ्या पोरांना 'कसं करतात' हेच जास्त आवडतं.

चुना महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवायचा, वरचं पाणी बदलत राहायचं. त्यात दही आणि गूळ घालायची रीत आहे. कच्चा खडा राहिला तर तो पुढे भिंतीत विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा नाण्याएवढा उडवतो. ताज्या चित्रावर पांढरे खड्डे पडलेले दिसले की समजावं, चुना घाईने वापरलाय किंवा नीट गाळलेला नाही. गाळायचा तो कापडातून, चाळणीतून नव्हे.

भिंत आदल्या दिवशी भरपूर भिजवायची. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी शोषून घेते, मग चुना नीट धरत नाही आणि भेगा जातात. आधी जाडा थर चुना आणि वाळूचा, साधारण एकास तीन. त्यावर बारीक थर, त्यात वाळूऐवजी संगमरवराची पूड, जयपूरकडे तिला झिंकी म्हणतात. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा पातळ आणि बारीक. अगदी वर नुसत्या गाळलेल्या चुन्याचे हात.

मग चित्र. रंग चुन्याला टिकणारेच हवेत: गेरू, पिवळी माती (रामरज), हिरवी माती, काजळी, आणि पांढऱ्यासाठी चुनाच. प्रशियन निळा चुन्यात उडतो, तो टाळायचा. रंग लावला की छोट्या थापीच्या पात्याने हलक्या हाताने ठोकत आत बसवायचा. ठोकणं जोरात झालं तर रेषा पसरते, हलकं झालं तर घोटताना रंग दगडाला लागून येतो. हात बसायला वेळ लागतो तो इथेच.

शेवटी अकीक दगडाने घोटायचं आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. एका दिवसात पुरं होईल एवढाच तुकडा गिलावा करायचा. उरलेली कड तिरकी कापून टाकायची, म्हणजे उद्याचा सांधा दिसत नाही. सांधा आकृतीच्या बाह्यरेषेवर घ्यायचा, चेहऱ्याच्या किंवा आकाशाच्या मधून कधीच नाही.

रावपुरा_टॉवर
वा! हा प्रतिसाद तसाच्या तसा फलकावर चिकटवा.

दांडियाबाजार
दोनशेच्या वर शब्द आहेत हो, १२० मध्ये बसवायचेत :) पण 'रंग भिंतीवर नाही, भिंतीत असतो' हे वाक्य घेतो. चालेल ना चुनखडी?

चुनखडी
अवश्य. नाव नको.

सराफा_चौक
इंदूरहून लिहितोय. बेंद्र्यांबद्दल 'मूळ इंदूरचे' एवढंच लिहून पुढे जाऊ नका, कृपया. जन्म इंदूरचा, १९१० चा. इंदूरच्या चित्रशाळेत द. दा. देवळालीकरांच्या हाताखाली शिकले. त्याच शाळेतून विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी आले, हुसेनही संध्याकाळच्या वर्गाला तिथेच होते. देवळालीकर निसर्गचित्रात उजेडाकडे बघायला शिकवत: आकार आधी रेषेने बांधायचा नाही, उजेड-सावलीच्या ठिपक्यांतून उभा करायचा. बेंद्र्यांच्या सुरुवातीच्या जलरंगांत ते स्वच्छ दिसतं.

बडोद्याला येण्याआधी त्यांनी मुंबईची पदविका घेतली, काश्मीरमध्ये काम केलं आणि १९४७-४८ ला अमेरिका पाहिली, न्यूयॉर्कला चित्रं मांडली. म्हणजे चाळिशीचा, स्वतःची शैली चार वेळा मोडून बांधलेला माणूस १९५० ला वर्गात उभा राहिला. बडोद्याच्या मुलांनी एकाच्या छापाचं काम केलं नाही याचं हे मोठं कारण. १९५५ चं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं त्यांचं 'काटा' हे चित्र बडोद्याच्याच काळातलं. १९५९ ला मार्कंड भट्टांनंतर डीन झाले, १९६६ ला मुंबईला परतले. दांडियाबाजार, तुमचं प्रदर्शन १९६६ ला संपतं ते यामुळेच ना?

दांडियाबाजार
हो, अगदी त्यामुळेच. तिसरा फलक पूर्ण बेंद्र्यांचा आहे. देवळालीकरांचं नाव राहिलं होतं, आता घालतो.

तंजावरी_पाट
सूरसागर_काठ ताईंनी संगीताचं लिहिलं, नृत्याचं कुणीच लिहिलं नाही. त्यात तर मराठी धागा थेट आहे. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, थोरल्या चिमणाबाई, तंजावरच्या भोसले घराण्यातल्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. १८८० ला लग्न झालं तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादक बडोद्याला आले. गौरी आणि कांतिमती या त्यातल्या नामवंत. दरबारात या मंडळींचं खातं 'कलावंत कारखाना'. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले. विभागाची घडी बसवली ती मद्रासच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेत शिकलेल्या मोहन खोकरांनी.

दरबारी कारखान्यातून विद्यापीठाच्या वर्गात, तेही एकाच घरातल्या दोन पिढ्यांत. एका फलकाला एवढं पुष्कळ आहे.

सूरसागर_काठ
वा, छान आठवण करून दिलीत. आणि शिकवण्याची रीतही कशी बदलली बघा. दरबारात गुरूसमोर बसून, वेळेचं भान न ठेवता. विद्यापीठात तास, वार्षिक अभ्यासक्रम, परीक्षा. मौलाबक्षांनी स्वरलेखन बसवलं ते याच गरजेतून: तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला कानात सांगता येत नाही, फळ्यावर लिहावं लागतं. दरबारगायक फैयाजखाँसाहेब १९५० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. म्हणजे नवं विद्यापीठ आणि जुना दरबार यांची गाठ जेमतेम दीड वर्षाची.

प्रतापगंज
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मला वाटतं चर्चा माणसांवर अडकलीय, खरी नवी गोष्ट कागदावरची होती.

१९५० पूर्वी चित्रकार व्हायचं तर मुंबईत सरकारी पदविका, जी. डी. आर्ट. चित्रशाळा वेगळी, विद्यापीठ वेगळं. बडोद्याने चित्र आणि शिल्प यांना पदवीचा विषय केलं, बी. ए. (फाइन), पुढे एम. ए. (फाइन). नाव बदललं एवढाच अर्थ नाही याचा. पदवी म्हटली की अभ्यासमंडळ आलं, लेखी परीक्षा आली, ग्रंथालय आलं. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र वाचणं भाग झालं. १९५२ ला म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) सुरू झालं. कमाटीबागेतलं म्युझियम हाकेच्या अंतरावर, तिथे हर्मान गोएट्झ संचालक. करणारा, लिहिणारा आणि जपणारा एकाच आवारात शिकू लागले, हे तोवर आपल्याकडे नव्हतं.

याचं श्रेय हंसा मेहतांना. पहिल्या कुलगुरू. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' हा शब्द आग्रहाने घालायला लावला त्या याच. वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण होते, यजमान जीवराज मेहता संस्थानाचे शेवटच्या काळातले दिवाण. शहर त्यांना घरचंच. कलेची शाखा उघडणारं नवं विद्यापीठ म्हणजे पैशाची उधळपट्टी, असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी पहिल्याच वर्षात ती उघडली.

म्हणून माझं मत १९४९.

पुष्पबाग
प्रतापगंज, युक्तिवाद तुमचा, निष्कर्ष मात्र १९५० चा निघतो! पदवी, अभ्यासक्रम, शिक्षक, सगळं १९५० चं.

प्रतापगंज
कायदा १९४९ चा. ३० एप्रिल १९४९ ला विद्यापीठ आणि दुसऱ्याच दिवशी, १ मेला, संस्थान मुंबई राज्यात विलीन. एक दिवसाचा फरक. ही तारीख फलकावर नसेल तर बडोदेकर माणूस हळहळेल.

विश्वामित्री
ही तारखांची जोडी खरंच घ्या. मोठ्या अक्षरात.

जस्तपत्रा
एक शंका. सातवा फलक मुद्राचित्रांवर (ठशावरून छापलेल्या चित्रांवर) आहे असं दिसतं. तिथे 'एचिंगची सुरुवात १९५०' असं लिहिणार असाल तर जपून. सुरुवातीला लिथो (दगडावरून छपाई) आणि काष्ठठसा यांवर भर. इंटाग्लिओला (पत्र्यातल्या खोल रेघेतून छपाई, एचिंग त्यातलंच) जोर आला तो ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून १९६६ ला परतल्यावर. ज्योतीभाई १९५० च्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, भावनगरचे.

आणि कृतीचा फोटो लावणार असाल तर मथळ्यासाठी नेमका क्रम देतो. जस्ताचा पत्रा घ्यायचा, चारी कडा कानशीने तिरक्या घासायच्या. न घासलेली कड दाबयंत्रात कागद कापते आणि वरचा नमदाही (जाड लोकरी कापड). मग पत्र्याची चिकटाई खडूची पूड आणि अमोनियाने काढायची. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब फुटले तर पुन्हा घासा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा थर, पाठीला वॉर्निश. सुईने रेघ ओढायची, पत्रा खरवडायचा नाही, फक्त थर उघडायचा. मग नायट्रिक आम्लात, एक भाग आम्ल आठ ते दहा भाग पाण्यात. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही, उसळतं. रेघेवर बुडबुडे धरतात ते पिसाने हलवत राहायचं. ते तसेच राहिले की त्या जागी आम्ल पोचत नाही आणि रेघ तुटक खाल्ली जाते. आम्ल कडक झालं तर थरच उचकटतो. छापायचा कागद आधी भिजवून, पाणी टिपून घ्यायचा. कोरडा कागद रेघेच्या खोलात शिरतच नाही, छाप फिकट येतो आणि दोष शाईला दिला जातो.

चुनखडी
शेवटचं वाक्य सोन्याचं.

दांडियाबाजार
जस्तपत्रा, धन्यवाद. माझ्या मसुद्यात खरंच १९५० होतं. दुरुस्त केलं. १९५६ च्या बडोदा ग्रूपचं काय? मुंबईतलं पहिलं प्रदर्शन, शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र. ज्योती भट्ट, शांती दवे ही नावं घेतोय.

जस्तपत्रा
बरोबर. 'शिक्षक आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर' हा मुद्दा ठळक करा. आणि शांती दवेंचं नाव घेताय तर त्यांचं पुढचं मेणातलं काम विसरू नका. मधमाशीच्या मेणात थोडी डामर राळ, साधारण आठास एक, म्हणजे मेण कडक होतं. मेण ६२-६४ अंशाला वितळतं, ८०-९० ला कामाचं होतं. धूर दिसला की आच लगेच कमी करायची, तो छातीला वाईट. उष्णता कमी पडली तर थर एकमेकांत मुरत नाहीत आणि पुढे सालासारखे सुटतात.

फलकवाला
मजकुराचं मंडळी बघताहेत, मी मांडणीचं सांगतो. तीन फूट बाय दोन फूट, ५ मिमी सनबोर्ड. लॅमिनेशन मॅट घ्या, ग्लॉसी घेतलंत तर सभागृहातल्या ट्यूबलाइटची पट्टी प्रत्येक फलकावर दिसेल. मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको, मथळा ९० च्या पुढे. फलकाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर. शाळेची मुलं येणार असतील तर पावणेपाचच.

फोटो: जुना ६ बाय ४ इंची फोटो १२ बाय ८ वर न्यायचा तर २०० डीपीआयला २४०० बाय १६०० पिक्सेल लागतात, म्हणजे स्कॅन निदान ४०० ला. ६०० ला करा, कापायला वाव राहतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो अजिबात नको, तो आधीच चेपलेला असतो. फोटो पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं, पीडीएफ देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा. नाहीतर छापणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात. 'बेंद्र्यांच्या' हा शब्द तर हमखास. एक फलक आधी ए-३ वर छापून, भिंतीला लावून, चार फुटांवरून वाचून बघा. चुका पडद्यावर दिसत नाहीत त्या तिथे दिसतात.

रावपुरा_टॉवर
आणि 'शंखो'चं 'शंखू' होऊ देऊ नका!

पुष्पबाग
दांडियाबाजार, माझ्याकडून शेवटचं. एकच साल निवडताना अडचण होतेय कारण दोन वेगळ्या वाटा तुम्ही एका रस्त्यावर आणताय. संगीत-नृत्य विद्यापीठात आलं ते चालत आलेल्या संस्थेसकट: दरबार, गायनशाळा, महाविद्यालय, विद्यापीठ. तिथे विद्यापीठाने घर दिलं. चित्र-शिल्पाचं उलट. घर आधी बांधलं, मग इंदूरहून, शांतिनिकेतनहून, अमेरिकेहून माणसं बोलावली. पहिल्या फलकावर या दोन वाटा शेजारी शेजारी दाखवा. डावीकडे १८८६ पासून येणारी लांब रेघ, उजवीकडे १९५० ला सुरू होणारी आखूड. बडोद्याचं कलाभवन तिसरी रेघ, १८९० पासून थेट तंत्रज्ञान शाखेत जाणारी. खडूफळांचा आग्रहही राखला जातो आणि चुकीचं काही सांगितलंही जात नाही.

खडूफळा
ही मांडणी पटली. तिसऱ्या रेघेवर फाळक्यांचं नाव तेवढं घाला.

सूरसागर_काठ
मलाही. रेघ लांब असली तरी जाडी सारखीच ठेवा हं.

दांडियाबाजार
रात्री बसून पहिला फलक पुन्हा लिहिला. बघा:

'३० एप्रिल १९४९: महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना. १ मे १९४९: बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. या विद्यापीठात कला दोन वाटांनी आल्या. सूरसागरकाठची गायनशाळा १८८६ पासून चालू होती, ती विद्यापीठात आली. चित्र आणि शिल्प यांच्यासाठी १९५० मध्ये पुष्पबाग आवारात नवा विभाग उघडला. मार्कंड भट्ट, ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी आणि १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन यांनी तो घडवला. दादासाहेब फाळके शिकले ते बडोद्याचं कलाभवन १८९० चं. त्याची वाट आजच्या तंत्रज्ञान शाखेकडे जाते.'

तीन रेघा खाली, एकाच जाडीच्या. ए-३ उद्या छापतो.

प्रतापगंज
उत्तम. एकच दुरुस्ती: 'नवा विभाग' नव्हे, 'नवी विद्याशाखा'. चित्रकला, शिल्पकला हे तिच्यातले विभाग.

दांडियाबाजार
केलं.